एका बावखलाची भरपाई

मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात आचोळ्याच्या आमच्या सोसायटीने माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, आणि लगेच सेक्रेटरींनी विचारलं, "सावंत मॅडम, तुम्ही प्रदूषणवाल्या ना? मग आपल्या मागच्या गटाराचं काहीतरी करा की." मी म्हटलं, "अहो, शाल तरी नीट अंगावर घेऊ द्या!"

माझं काम लोकांना कधी नीट कळलंच नाही. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "ही नाल्यांवर असते." माहेरी कित्येक वर्षं समज होता की मी महापालिकेच्या सफाई खात्यात आहे. खरं तर मी प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी खात्यात क्षेत्र अधिकारी होते. वसई-विरारच्या पूर्वेला छोट्या छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत, शेकड्यांनी. कुठे कापड रंगवतात, कुठे रबर शिजवतात, कुठे पितळेवर चकाकी चढवतात. त्यांचं सांडपाणी कुठे जातं हे बघणं माझं काम. बाई माणूस नाल्यात उतरते म्हणून सुरुवातीला लोक जमायचे. नंतर मला सवय झाली, आणि त्यांनाही.

नाल्यातून पाणी भरून आणण्यात कसली आली विद्या, असं वाटेल. पण तिथेच सगळी गोम आहे. बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची, धातू तपासायचे असतील तर त्यात थोडं आम्ल टाकायचं, बूच लावून त्यावर लाख, लाखेवर मोहोर, आणि चिठ्ठीवर समोरच्याची सही. यातलं एक जरी चुकलं तर पुढे वकील तुमची सगळी मेहनत चुटकीसरशी उडवून लावतो. माझा स्वतःचा आणखी एक नियम होता. जिथे नमुना घ्यायचा तिथे चहा प्यायचा नाही. लोक रागवायचे. एक शेठ तर म्हणाले, "मॅडम, चहात काय विष घालतोय का?" मी म्हटलं, "चहात नाही हो, नाल्यात घालताय. म्हणून तर आलेय."

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका रंगवाल्याने आपलं शुद्ध केलेलं पाणी किती शुद्ध आहे हे दाखवायला हौदात मासे सोडले होते. छान लाल-केशरी मासे. मी कौतुक केलं आणि जाता जाता गेटवरच्या रखवालदाराला सहज विचारलं, "मासे कधीपासून आहेत हो?" तो बिचारा सरळ. म्हणाला, "आजच आनलेत, तुमी येनार म्हनून." शेठ तोंड लपवायला जागा शोधत होते. त्या दिवशी मी जीपमध्ये बसून पोट धरून हसले. पण सगळ्याच गोष्टी हसण्यासारख्या नसतात. आज जी सांगायला बसले आहे ती तर नाहीच.

आधी एक कलम समजून घ्या, मग पुढचं सोपं जाईल. लहानपणी आई म्हणायची, ज्याने सांडलं त्याने पुसायचं. आमच्या कायद्यातलं मोठं तत्त्व म्हणजे तेवढंच, फक्त ते इंग्रजीतून आल्यामुळे भारदस्त वाटतं. प्रदूषण करणाऱ्याने नुकसान भरून द्यायचं. ते किती, हे ठरवायला एक सूत्र आहे. कारखाना किती घातक प्रकारचा, किती मोठा, नियम किती दिवस मोडला, जवळ वस्ती किती. हे आकडे एकमेकांना गुणायचे की रक्कम तयार. मी ते गुणाकार कितीदा तरी केले. सूत्र वाईट नाही, नसण्यापेक्षा शंभर पटीने बरं. पण मेलं काय, आणि ते कोणाचं होतं, हे ते विचारत नाही. त्यासाठी वेगळा अहवाल लागतो, वेगळी सुनावणी, आणि भांडायची तयारी.

आता बावखल. आमच्या पूर्वेकडच्या फ्लॅटवाल्यांना हा शब्द माहीत नसतो, मलाही नव्हता. पश्चिमेला, वटार-नंदाखालच्या अंगाला गेलात की केळीच्या आणि नारळाच्या वाड्यांमध्ये हिरव्या पाण्याची तळी दिसतात. ती बावखलं. पावसाचं पाणी त्यांत साठतं, मुरतं, आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवतं. समुद्र इतका जवळ असून विहिरींना खारं पाणी लागत नाही, ते यांच्या जिवावर. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गावचे लोक मिळून त्यातला गाळ काढतात. काळा, लोण्यासारखा मऊ गाळ. तो घमेल्यांनी वाड्यांमध्ये नेऊन झाडांच्या आळ्यात घालायचा. वाडीला याहून चांगलं खत नाही.

वटारजवळच्या अशा एका बावखलाच्या काठी जयवंतीकाकूंची केळीची वाडी. नवरा गेल्यावर बाईने ती एकटीने राखली होती. आणि त्या बावखलाची एक रीत होती. गाळ काढायचा दिवस काकूंच्या घरच्या माणसाने ठरवायचा आणि घरोघरी जाऊन हाक मारायची. सासऱ्यांपासून चालत आलेला मान तो. हाक आली की हिंदू असो, ख्रिस्ती असो, घरातलं एक तरी माणूस घमेलं घेऊन यायचंच.

त्या उन्हाळ्यात बावखलाला वास यायला लागला आणि मासे उलटे तरंगले. काकूंना वाटलं, पाणी कमी झालंय, उन्हाने कुजलं असेल. कधी कधी होतं तसं. त्यावर उपाय एकच, गाळ काढायचा. त्यांनी नेहमीपेक्षा लवकर हाका मारल्या. सगळे आले, एका दिवसात बावखल लख्ख केलं आणि गाळ आपापल्या वाडीत नेला. काकूंनी तर नवीन लावलेल्या वेलची केळीला भरभरून घातला. थोड्याच दिवसांत पानं कडेने करपायला लागली. मग शेजारच्या इनासकाकांच्या सोनचाफ्याची फुलं गळाली. मग सगळ्यांच्याच वाड्या पिवळ्या पडल्या, आणि तेव्हा कुठे कोणीतरी आमच्या कार्यालयात फोन केला.

मी गेले तेव्हा बावखलातलं पाणी स्वच्छ होतं. असणारच. घाण होती ती सगळी गावाने स्वतःच्या हाताने उचलून आपापल्या झाडांच्या मुळाशी नेऊन ठेवली होती! मी कपाळावर हात मारला. पुरावा तळ्यात असतो तर एक बाटली पुरली असती. आता प्रत्येक वाडीतली माती उकरून नमुने घ्यावे लागले. निकेल आणि क्रोम, दोन्ही भरपूर. म्हणजे धातूला मुलामा देणाऱ्या गाळ्यातलं वापरून झालेलं द्रावण. मी लोकांना सांगितलं, या वाड्यांतली केळी खाऊ नका, विकू नका, अनवाणी फिरू नका. जयवंतीकाकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मीच हाका मारल्या ना, मॅडम."

तोवर गावाचीही तीच भाषा सुरू झाली होती. म्हातारीला एवढी घाई कशाला होती? वास येतोय म्हटल्यावर कोणाला विचारायला नको? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ज्यांनी आपण होऊन घमेली भरली तेही बोलत होते. काकूंच्या विहिरीवरून पाणी नेणाऱ्या बायकांनी वाट बदलली. माझ्या देखत एकीने त्यांना नमस्कार केला नाही. मला असा संताप आला की विचारू नका, पण सरकारी माणसाने संताप खिशात ठेवायचा असतो.

घाण आली कुठून, हे इनासकाकांनी सांगितलं. पहिल्या पंचनाम्याला ते गप्प होते. दुसऱ्या वेळी मी एकटी बघून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, मी टँकर बघितला होता."

आमच्या वसईत टँकर म्हटलं की पाण्याची चोरी. पश्चिमेच्या विहिरींचं आणि बावखलांचं पाणी उपसून पूर्वेच्या इमारतींना विकायचं, यावरून इथे केवढी भांडणं झाली आहेत. पहाटे फिरायला निघालेल्या इनासकाकांना बावखलात पाइप सोडून उभा असलेला टँकर दिसला, तेव्हा ते काठी घेऊन धावले. "पानी चोरतोस काय रे?" ड्रायव्हर शहाणा. म्हणाला, "नाही काका, उरलेलं पाणी आहे, सोडून देतोय. तुमच्याच तळ्याला होईल." काकांनी कान लावला, पाणी खरंच आत पडत होतं.

"मी म्हटलं, आजवर सगले नेनारेच आले, हा पहिला देनारा आला," काका म्हणाले. "त्याला म्हटलं, देव बरं करो तुजं." "मी त्याला आशीर्वाद दिला, मॅडम. जयवंतीला नका सांगू."

टँकरवरचं अर्धं नाव काकांच्या लक्षात होतं. त्यावरून मालक सापडला, आणि त्याच्याकडून गाळा. गाळेवाला दळवी नावाचा, मराठी माणूस, गिरणी कामगाराचा मुलगा, कर्ज काढून धंदा उभा केलेला. त्याच्याकडे नळांना निकेल-क्रोमची चकाकी चढवायचे. त्याच्या टाकीतलं द्रावण आणि वाड्यांतली माती तपासणीत जुळली. दळवी अगदी कळवळून म्हणाला, "मॅडम, मी टँकरवाल्याला पैसे मोजले. तो कुठे ओततो मला काय माहीत? मी स्वतः थोडाच गेलो होतो टाकायला?"

हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. मी विचारलं, "घातक कचरा घेण्याचा परवाना होता का त्याच्याकडे?" तो म्हणाला, "परवानावाला किती घेतो माहितीये का मॅडम? एवढ्याशा धंद्याला परवडत नाही हो." मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू. त्याच्या गाळ्यात माणसं कामाला होती, त्यांची घरं त्यावर चालत होती. पण मी म्हटलं, "तुम्हाला जे परवडलं नाही ते वटारच्या विधवेने भरलं. तिला परवडतंय का, हे विचारायला जाऊ या का दोघं?" तो काही आला नाही.

आमच्या खात्याच्या मोठ्या साहेबांसमोर सुनावणी झाली, तिथे मी दोन मागण्या ठेवल्या होत्या. सूत्राप्रमाणे भरपाई, ती सरकारजमा होते. आणि वाड्यांतली माती काढून, योग्य जागी पाठवून, नवी माती घालायचा सगळा खर्च दळवींचा. दुसरी मागणी माझ्या दृष्टीने खरी. जयवंतीकाकूंना मी मुद्दाम बोलावलं होतं, त्या खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. इनासकाकाही आले होते, दाराजवळ.

दळवींचा वकील तयारीचा होता. म्हणाला, "साहेब, माझ्या अशिलाचा संबंध फार तर एका तळ्याशी. तळं आज स्वच्छ आहे, खात्याचाच अहवाल आहे. वाड्यांमध्ये घाण माझ्या अशिलाने नेली नाही. या बाईंनी लोकांना गोळा केलं, वास येत असताना, मासे मेलेले दिसत असताना, आणि लोकांनी आपल्या हाताने ती पसरवली. त्याची भरपाई मागायचीच तर या बाईंकडे मागा."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हेच त्या गावात महिनोन् महिने ऐकत होत्या, आता सरकारी खोलीत, साहेबासमोर ऐकत होत्या.

एरवी मी सुनावणीत कागदावरचं वाचते. त्या दिवशी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, ही चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. वसईत बावखलातला गाळ वाडीतच जातो. आजचं नाही, पिढ्यांपासून जातो. बावखलात टाकलेलं बावखलात राहत नाही, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. यांनी रीत पाळली, गुन्हा केला नाही. मासे मेलेले बघून टँकरचा संशय यायला यांनी टँकर बघायला तरी हवा होता ना?"

"मग बघितला कोणी?" वकिलाने विचारलं.

इनासकाकांचा जबाब फाइलमध्ये होता, पण सही करणारा माणूस दारात असताना तो वाचून दाखवणं मला जमेना. मी त्यांच्याकडे बघितलं. ते टोपी हातात घेऊन पुढे आले आणि सगळं बोलले. काठी घेऊन धावल्याचं, ड्रायव्हरचं उत्तर, स्वतः दिलेला आशीर्वाद, सगळं. शेवटी म्हणाले, "तिचा काय दोष नाय साहेब. तिला म्हाइतच नव्हतं. मला म्हाइत होतं. मी बोललो नाय."

साहेबांनी दोन्ही मागण्या मान्य केल्या. आदेश हातात पडला तेव्हा मला खरोखर अभिमान वाटला. वाड्यांची माती धरून आदेश निघतात कुठे एवढे! मी बाहेर धावत आले, काकूंना सांगायला. काकू जिन्याच्या खाली उभ्या होत्या, इनासकाका चार पावलांवर. काकू त्यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "गाव मला बोलत होतं तेव्हा हा माझ्या ओट्यावर बसून चा पित होता, मॅडम. रोज. आनि गप होता." आणि एकट्याच स्टँडकडे चालायला लागल्या.

मग माती काढायचं काम झालं. केळी गेल्या तेव्हा काकू रडल्या नव्हत्या. पण हातमोजे घातलेली माणसं आली, वाडीची वरची सगळी माती खरवडून जाड पिशव्यांत भरायला लागली, पिशव्यांवर कवटीचं चित्र, तेव्हा त्या ओट्यावर बसून ओक्साबोक्शी रडल्या. ती माती नुसती माती नव्हती. सासऱ्यांनी, त्यांच्या वडलांनी, दरसाल घमेल्या घमेल्याने आणलेल्या गाळाची झाली होती ती. तिच्या जागी ट्रकमधून लाल माती आली. तपासलेली, स्वच्छ, दळवींच्या पैशाने. आदेशाचं तंतोतंत पालन झालं. मी पूर्ततेच्या अहवालावर सही केली.

काकूंनी एकदा विचारलं होतं, "दंड भरला ना त्याने? त्यातलं आम्हाला काय?" मी सांगितलं की ती रक्कम सरकारकडे जाते, पर्यावरणाच्या कामासाठी. तुमच्या पिकाचं वेगळं मागायला हवं, त्याला वकील लागतो. त्या म्हणाल्या, "अस्सं," आणि भांडी घासायला लागल्या. पुढे मी त्यांना मोफत वकील मिळवून दिला, ते प्रकरण अजून चालू आहे.

पुढच्या उन्हाळ्यात बावखलाचा गाळ निघाला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तळ बुजत चालला तसं विहिरींचं पाणी मचूळ व्हायला लागलं. मी दर वर्षी गाळ तपासून घेत होते. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात अहवाल आला, गाळ पूर्ण निर्दोष. मी तो घेऊन वटारला गेले. काकूंनी कागद हातातही घेतला नाही.

"तुमचा कागद खरा असेल, बाय. पन मी आता हाक मारनार नाय. परत काय झालं तर?"

मी म्हटलं, "काकू, विहीर खारी झाली तर लाल माती काय करेल आणि काळी माती काय करेल?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही घालाल हात त्या बावखलाच्या गालात?"

"घालीन."

"मोजे न घालता?"

"न घालता. दिवस ठरवा, मी येते."

आता आलिया भोगासी म्हणत, निवृत्त झाल्यावर लगेचच्या रविवारी मी जुना सलवार-कमीज घालून तिथे पोचले. नवरा म्हणाला, "पेन्शनीतसुद्धा नाल्यावरच का?" काकू सकाळीच हाका मारायला निघाल्या, मी मागून. दारं उघडली, लोक तोंडभरून बोलले. येतो हां काकू, चर्च सुटलं की येतो, पोराला पाठवतो, तुम्ही व्हा पुढे. काकूंनी सगळी घरं घेतली. इनासकाकांचं घर आलं तशी त्यांनी मान वळवली आणि पुढे गेल्या.

ऊन चढलं, चर्चही सुटलं, कोणी आलं नाही. काकूंनी काठावर थोडा वेळ वाट बघितली. मग पदर खोचला, घमेलं उचललं आणि उतरल्या. मीही उतरले. गाळ पोटरीपर्यंत, थंडगार. साठीच्या दोन बायका किती गाळ काढणार? पण हात चालवत राहिलो. मला मधूनच रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. दळवीने सगळं भरलं होतं, सूत्राप्रमाणे, आदेशाप्रमाणे. तरी गावाचा या बाईच्या हाकेवरचा विश्वास काही आला नव्हता परत, आणि तो कुठल्या कलमाखाली मागायचा हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं.

"तिथनं नका भरू, तिथं खोल हाय," काठावरून आवाज आला. इनासकाका उभे होते. हातात घमेलं, अंगावर चर्चचे इस्त्रीचे कपडे.

काकू खाली वाकूनच म्हणाल्या, "तुला कोनी बोलावलं?"

"नाय बोलावलं. म्हनून आलो विचारायला, का नाय बोलावलं."

काकूंनी घमेलं भरलं. ते त्यांना एकटीला उचलेना. दोनदा प्रयत्न केला. मी पुढे होणार तेवढ्यात त्या सरळ झाल्या, गाळाच्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं.

"आलायस तर चपला काढ आनि उतर. उभा काय राहिलायस?"